उपवासाचे पदार्थ

३ मार्च
लायब्ररीत बाईच्या शरीराबद्दलचं, इच्छेबद्दलचं जुनं पुस्तक मिळालं. सून प्रेरणासाठी घेतलं. मला काय करायचंय, यांना जाऊन सहा वर्षं झाली. घरी येताच पेपरचं कव्हर घातलं, मागच्या पुठ्ठ्याला डिंकानं पक्कं चिकटवलं. वर लिहिलं : उपवासाचे पदार्थ.

५ मार्च
सुनेला द्यायच्या आधी चाळून बघितलं. एकशे दहा पानं चाळून झाली.

९ मार्च
पुस्तक म्हणतं, आपल्या अंगाची आपणच ओळख करून घ्यावी. पटलं नाही. आंघोळीनंतर आरसा पुसला, तो वाफेमुळं. छप्पन्नाव्या वर्षी खांदे बरे आहेत.

१४ मार्च
उद्या नक्की परत. शेजारच्या गोजरबाईनं पुस्तक हातात घेतलं. म्हणाली, "भगर तर कुणालाबी येती, एवढं काय वाचती?" मला घाम.

१५ मार्च
ऊन लई. फोनवरूनच रिन्यू केलं.

१९ मार्च, दुपार
वही माझीच आहे, म्हणून लिहिते. मलाही इच्छा व्हायची. तो दोष समजून अठ्ठावीस वर्षं झाकला. पुस्तकात तिला भुकेइतकं साधं म्हटलंय. आज लाज वाटली नाही. गुलमंडीवरून फुलाफुलांचा गाऊन आणला, घालून तासभर बसले. बरं वाटलं. यांना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. असतं, तर मी बोललेच असते.

२४ मार्च
प्रेरणा म्हणाली, "आई, उपवासाचं पुस्तक झालं की मला द्या. उपवास न करणाऱ्यांना चालतं ना?" हसत होती.

२५ मार्च
द्यायचं म्हणून कव्हर फाडलं. खाली जुनी तारखांची चिठ्ठी, कंप्युटर यायच्या आधीची. सभासद ३१७. माझाच नंबर. म्हणजे यांचा, मी नंतर नावावर करून घेतलेला. मार्च २०१३. पुढं तीनदा रिन्यू.

त्या उन्हाळ्यात हे एसटीतून अर्धी रजा टाकून दुपारचे घरी यायचे. पोरगा कॉलेजात. म्हणायचे, "जरा बस ना माझ्यापाशी. बोलायचंय." मी म्हणायचे, "अहो, गच्चीवर पापड आहेत, तडकतील." चार-पाचदा तरी. मग दुपारचे यायचे थांबले. मीही विचारलं नाही.

२६ मार्च
पुस्तक प्रेरणाला दिलं, कव्हर न घालता. म्हटलं, दोघं मिळून वाचा. गाऊन घडी करून ठेवला होता, परत काढला.

पापड त्या वर्षी छान झाले होते. एकही तडकला नाही.