पहिल्या बाकावरची डिम्फना

२ नोव्हेंबर
सिनेमावाले गावात आले. सिनेमा फिनुकेनवर, म्हणजे आमच्या गावच्या प्रसिद्ध कादंबरीकारावर, आणि त्याच्या आयुष्यातल्या चार बायकांवर. चौथी म्हणे माझी बायको डिम्फना. तिने वीस वर्षं त्याचं लिखाण टाइप केलं, मंगळवारी आणि गुरुवारी. एवढंच. तिला जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा हे आता मलाच सांगायला हवं.

३ नोव्हेंबर
दिग्दर्शिकेला कडक पत्र लिहायला घेतलं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, त्यामुळे ‘गैरसमज’ या शब्दापर्यंत पोचायला दुपार झाली. मुलगी ओर्ला म्हणाली, बाबा, पत्र कशाला? त्यांना गर्दीसाठी म्हातारे हवेच आहेत. जा आणि तोंडावर सांगा.

५ नोव्हेंबर, दुपारी
मागच्या खोलीत टाइपरायटर वाजतो आहे. उंदीर असणार. डिम्फनाचा टाइपरायटर ओर्ला घेऊन गेली त्याला तीन वर्षं झाली. उंदीरच. दार उघडलं नाही. बिचाऱ्यांना उगाच कशाला घाबरवा.

७ नोव्हेंबर
गर्दीत माझी निवड झाली. प्रसंग फिनुकेनच्या अंत्यविधीचा. शेजारचा फेस्टस म्हणाला, लेका, तुला तालीम कशाला? खऱ्या वेळीही तू शेवटच्या बाकावर मफलरात तोंड खुपसून बसला होतास, आणि बायको पहिल्या. मला सर्दी होती. पहिला बाक मयताच्या घरच्यांचा, हे मलाही कळतं. पण चर्चचा हीटर तिकडेच आहे.

८ नोव्हेंबर
बेत पक्का. मयताच्या घरच्यांना भेटायच्या रांगेतून डिम्फना झालेल्या नटीपाशी पोचलो की तिच्या हातात हात न देता ते मागे बांधायचे आणि मोठ्याने सांगायचं, हिला नवरा आहे. कॅमेऱ्यासमोर बोललेलं कापता येत नसावं.

९ नोव्हेंबर
नटी तरुण आहे. पण हातमोजे काढून मांडीवर एकावर एक ठेवून थोपटायची रीत अगदी डिम्फनाचीच. ओर्लाला विचारलं. तिने सांगितलेली नाही. मीही नाही.

रांग सरकली. आमच्याकडे घरच्यांचा हात हातात घेऊन ‘वाईट झालं’ म्हणतात. साठ वर्षांची सवय, माझा हात आपोआप पुढे गेला. म्हणालो, वाईट झालं गं. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला. थंडगार होते. हीटर चालू असताना.

दिग्दर्शिका म्हणाली, छान आजोबा, पुन्हा एकदा, तुमची फक्त पाठ दिसणार आहे. सहा वेळा झालं. सहाही वेळा मी तेच म्हणालो.

१० नोव्हेंबर
पत्र पाठवलं नाही.
फिनुकेनला पुरलं त्या दिवशी घरी आलो तर डिम्फना कोट न काढताच शेगडीपाशी उभी राहिली होती, बराच वेळ. मी म्हणालो, अंडं जरा मऊ उकड. दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही.