मागचा जिना मोकळा असल्याबद्दल

९ जून १९९४
नोटीस आली! वीस तारखेला अग्निशमनचे साहेब इमारत तपासणार. मागचा जिना मोकळा हवा, वाळूच्या बादल्या हव्यात, आग विझवायचे सिलिंडर हवेत. नोटीस सेक्रेटरीच्या नावाने — म्हणजे माझ्या. गेल्या सभेत पाच मिनिटं उठून संडासला गेलो होतो. परत आलो तर एकमताने निवडून आलेलो!

१० जून
मागचा जिना चढून पाहिला. म्हणजे पाहिला, चढता येत नाही. पाच-सहा पायऱ्यांच्या वर पाय ठेवायला जागा नाही. लछमनदासचं खाली गाद्यांचं दुकान — त्याच्या गाद्या. विष्णुपंतांच्या पत्र्याच्या ट्रंका. गव्हाची कोठी. रॉकेलचा डबा. तीन पाळणे — इमारतीत तान्हं पोर एकच! बदलापूरच्या आमच्या मांजर्लीत नदी घरात येते, म्हणून दर जूनला आम्ही तळमजल्यावरची माणसं सामान या जिन्यात चढवतो. चढवायला सगळे पुढे. उतरवायचं मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.
सगळ्यात तळाशी एक लाकडी कपाट, ज्यावर हा डोंगर उभा आहे. ओळखीचं वाटलं. आमचंच.

१२ जून, रविवार
सभा. अध्यक्ष विष्णुपंत. ते म्हणाले, "पाणी दरवर्षी येतं. आग आलीये का कधी आपल्याकडे?" टाळ्या!
लछमनदास म्हणाला, "साईं, गादी भीगी तो अकेला मैं खतम. आग लगी तो सब खतम. सबके साथ तो मैं भी हूँ ना!"
मग तिसऱ्या मजल्यावरचा भीमराव उठला. अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात असतो. तिथल्या आगीत भाजलेल्या डाव्या हाताची कातडी अजून चकाकते. "आमच्या खात्याला दोन दारं होती. एकापुढे पिंपं रचलेली. कशाला रचली होती, तेही कोणाला माहीत नव्हतं. माझी आई चालू शकत नाही. पुढचा जिना बंद पडला तर तिला उचलून कुठून नेऊ, तेवढं सांगा."
विष्णुपंत म्हणाले, "भावना समजतो. चहा घ्या."

१६ जून
तोडगा निघाला. विष्णुपंतांचाच. "तपासणी एका दिवसाची ना? मग जिना एक दिवस मोकळा करू." सामान त्या दिवसापुरतं सेक्रेटरीच्या घरात! बायकोला, वृंदाला, सांगितलं तर म्हणाली, "देव कुठे मांडू — गादीवर की कोठीवर?" संसारात इतका मुद्द्याचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.
सिलिंडरांचं लछमनदासने पाहिलं. उल्हासनगरात एकजण दिवसाच्या बोलीने देतो, लाल बादल्यांसकट. एकच संच, आज या इमारतीत, उद्या त्या. वाळू तेवढी आपली.

१८ जून
वाळू आली. मांजरांना कळलंसुद्धा.

२० जून
साहेब आले. भला माणूस. प्रत्येक पायरी मोजल्यासारखा चढला. "बदलापुरात एवढा मोकळा जिना मी पाहिला नाही. अभिनंदन!" मी माझ्या दाराला पाठ लावून उभा — आत गाद्या इतक्या ठासलेल्या की कडी लागत नव्हती. पाठ सोडली असती तर अख्खं दुकान साहेबांच्या पायावर!
शेवटी साहेबांनी कागद पुढे केला. 'मागचा जिना कायम मोकळा ठेवला जातो.' खाली सही. केली. झोकदार केली. भीमराव ड्यूटीवर निघालेला, पायरीवर थांबून पाहत होता.
संध्याकाळी सामान परत जिन्यात. या खेपेला नीट रचून, पार दुसऱ्या मजल्यापर्यंत.

२१ जून
भीमराव दारात. "सेक्रेटरीसाहेब, काल आईला सांगितलं, जिना मोकळा झाला. तिने खुर्ची दारापाशी ओढायला लावली. बराच वेळ बघत बसली. आता काय सांगू तिला?"
म्हटलं, पावसाळा संपू दे.
"मग दिवाळी येईल," तो म्हणाला आणि गेला.
खोचक माणूस! उगाच अपराध्यासारखं वाटायला लावतो. वृंदाला तसं म्हटलं तर म्हणते, "खोचक कसलं? कॅलेंडर सांगितलं त्याने."

२ जुलै
दुपारी गल्लीत नदी. पुढच्या दारात मांड्यांपर्यंत पाणी, आणि मीटरच्या पेटीमुळे पाण्यात करंट. किसन वायरमन बाहेरून ओरडत होता — "पाय टाकू नका कोणी!" आम्ही खालचे सगळे पहिल्या मजल्यावर. नेमक्या त्याच वेळी वर भीमरावच्या आईचं, बनूबाईंचं, तोंड वाकडं झालं, एक हात पडला. रिक्षा मागच्या उंच रस्त्यावर उभी. वाट एकच.
सात जणांनी जिना उपसायला घेतला. लछमनदास आपल्या गाद्या आपल्याच हाताने खिडकीतून पाण्यात फेकत होता, शिव्या देत — कोणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं. विष्णुपंतांनी ट्रंका ढकलल्या. आमचं कपाट हलेना. कोयत्याने फोडलं. मान वर केली तर भीमराव आईला दोन्ही हातांवर घेऊन उभा. घाई करा म्हणाला नाही.

५ जुलै
बनूबाई सकाळी गेल्या. डॉक्टर म्हणाले, पाऊण तास आधी आणायला हवं होतं. जिन्याला पाऊण तासच लागला होता.
अग्निशमनच्या कचेरीत जाऊन आलो. कारकुनाने विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?"
माझं नाव सांगितलं.