फ्लॉपीतल्या साठ ओव्या

३ नोव्हेंबर, निलंगा
नातीची, सुकन्याची हळद सत्तावीसला. तिथं आपल्या मायच्या ओव्या म्हणायच्या, असा आमच्या मंडळींचा हट्ट. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली. पण सत्त्याण्णव साली मीच त्यांच्यासमोर बसून साठ ओव्या आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. फ्लॉपी देव्हाऱ्यात आहे. दर खंडेनवमीला टाइपरायटरबरोबर तिलाही कुंकू-अक्षता. एवढी जपणूक कोण करतं? चार दिवसांचं काम.

५ नोव्हेंबर
जुनी फाइल जुन्या डॉसशिवाय उघडायची नाही. म्हणून लॅपटॉपवर एमुलेटर टाकला. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर. गुरू यूट्यूब. आधी घर सारवायचं, मग पाहुणा बोलवायचा. फ्लॉपी शेवटी.

९ नोव्हेंबर, सकाळी ६
डॉस उठला! काळ्या पडद्यावर C:\> बघून ऊर भरून आला. हिला बोलावलं. म्हणाली, ह्या अंधारात माझी माय कुठं हाय?

१४ नोव्हेंबर
ओव्यांना डॉस पुरे. पण इतिहास अर्धवट सोडू नये. विंडोज ३.१ बसवलं. माउस तपासायला पत्त्यांचा डाव मांडला. तपासणी तीन तास चालली. हिनं विचारलं, ओव्या कवा? म्हटलं, त्याच कामात हाय.

१९ नोव्हेंबर
विंडोज ९५ अडकलं. चूक एमुलेटरची. उद्यापासून फक्त ओव्या.

२० नोव्हेंबर
९५ सुरू झालं! सुरुवातीची धून वाजली तशी ही पिठाच्या हातानं धावत आली. माय गायलीय का, म्हणून.

२४ नोव्हेंबर, लातूर
फ्लॉपी वाचायचं यंत्र फक्त शेषेराव मेकॅनिककडे. ऐटीत फ्लॉपी दिली. त्यानं पत्र्याची झडप सरकवली. आतली तबकडी लाल. तांदळाचा एक दाणा चिकटलेला. त्यानं विचारलं, काका, हिला पुजत होते का?
मागची गोल चकती कपाळासारखी दिसते. तिथंच लावायचो. ओलं कुंकू. अठ्ठावीस खंडेनवम्या.
शेषेरावनं फ्लॉपी दोन्ही हातांनी परत दिली. म्हणाला, आता वाचायची न्हाई, विसर्जनच करा.

२६ नोव्हेंबर
हिला सांगितलं. रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, वही घ्या. आठवेल तसं म्हणत गेली, मी पेनानं लिहीत गेलो. अकरा झाल्या. बारावी अर्ध्यावर अडली. माझ्याकडं वळली. म्हणाली, तुम्हीच तर टाइप केली होती, पुढं काय हाय?
लॅपटॉप बंद केला. मला आठवलं नाही.