ताणावरची बाग

४ डिसेंबर

आलो एकदाचा. अंबडपासून शेअर जीप, मांडीवर माझी वळकटी आणि खांद्यावर कुणा अनोळखी माणसाचं झोपलेलं डोकं. पण गाव बघून मन खुललं. जिकडे बघावं तिकडे मोसंबी! रस्त्याला लागून बागा, चौकात ढीग, चहाच्या टपरीवर बोलणं फक्त बहाराचं. लग्नात नवरीची ओटीसुद्धा इथे मोसंबीनं भरतात म्हणे. जालन्याच्या बियाण्यांच्या गोदामात इतकी वर्षं पोत्यांशी बोललो, आता झाडांशी बोलायचं. माझी खोली बागेच्या बांधाला लागूनच आहे, खिडकी उघडली की समोर झाडं.

मालक कल्याणराव शहरात राहतात. इथला कारभार त्यांच्या आईचा, तुळजाबाईंचा. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो आणि त्या मला मॅनेजर म्हणतात, जणू माझ्या हाताखाली पन्नास माणसं आहेत. हाताखाली आहे ती एक सगुणाबाई, खुरपणीला येणारी. इतकी हसरी बाई मी पाहिली नाही. माझी वळकटी सुटून गादी रस्त्यात लोळली, तर ती पोट धरून हसत बसली.

संध्याकाळी सुरेखाला फोन केला. ती जाफराबादला माहेरीच आहे. खोली चांगली आहे, तू पण ये, असं म्हणालो. ती नुसतं हं म्हणाली.

६ डिसेंबर

बाग आजपासून ताणावर सोडली. म्हणजे ठिबक बंद, झाडांना पाण्याचा थेंब नाही. तहानेनं पानं पिवळी पडतात, आणि संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. एवढं मला ठाऊक होतं. मावशींचे नियम मात्र ऐकले नव्हते. पाण्याची बाटली बांधाबाहेर ठेवायची. हातपाय बाहेरच धुवायचे. आणि बागेत रडायचं नाही. "रडू आलं तर बांधाच्या भाईर यायचं. ताणाच्या दिसांत झाड काय बी पितंय," असं त्यांनी बजावलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

बागेच्या मधोमध एक जुनं झाड आहे. मावशींच्या आजेसासऱ्यांनी निजामाच्या काळात लावलेलं, असं घरातले सांगतात. मोसंबी एवढी जगत नसते. गावातल्या बहुतेक बागांची कलमं ह्याच झाडावरून बांधली आहेत. दसऱ्याला लोक त्याला आपट्याची पानं देऊन जातात, घरातल्या म्हाताऱ्याला द्यावीत तशी.

१० डिसेंबर

गोदाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग ही रोजनिशी घेतली तरी कशाला?

गोदा आमची मुलगी. सहा वर्षांची होती. माझ्या आईचं नाव तिला ठेवलं होतं. पावसाळ्यात ताप आला आणि तापातच गेली. खोलीत शिरताना ती तोंडानं हॉर्न वाजवायची, पीऽप पीऽप, साइड द्या पप्पा. मोसंबी कधी सोलून खाल्ली नाही. वरून भोक पाडून चोखायची आणि रस कोपरापर्यंत ओघळायचा. डाव्या भुवईवर उंबऱ्यावर पडल्याची खूण. सुरेखा तिच्यासाठी पिवळं स्वेटर विणत होती, छातीवर लाल लोकरीनं नाव घातलं होतं, एक बाही राहिली. ते अजून सुयांसकट तिच्या पिशवीत आहे.

तेव्हा मला रडता आलं नाही. येणाऱ्यांना बसा म्हणायचं होतं, सुरेखाला धरायचं होतं. आज दुपारी जुन्या झाडाखाली एक मोसंबी पडलेली दिसली, पाखरानं वरून भोक पाडलेली. मी तिथेच बसकण मारली आणि हमसून हमसून रडलो. मावशींचा नियम मोडला. कुणी पाहिलं नाही.

१४ डिसेंबर

आता रोज दुपारी तिथे जाऊन बसतो. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटतं. उठताना छातीवरचा दगड कुणी उचलून घेतल्यासारखं होतं. कितीतरी दिवसांनी भाकरीला चव लागली.

बाकीची बाग पिवळी पडत चालली आहे. जुन्या झाडाला मात्र कळ्या आल्या आहेत. मावशी बांधावर उभ्या राहून बराच वेळ त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होत्या. मी विषय बदलला.

१९ डिसेंबर

सुरेखाचा फोन. बोलता बोलता ती गोदाच्या भुवईवर आली. उजव्या भुवईची खूण ना, मी म्हणालो. ती म्हणाली, "डावी हो. तुमीच तर उचलून दवाखान्यात नेल्तं तिला. तुमचा सदरा रक्तानं भरला होता."

मला आठवेना. मागचं पान काढून पाहिलं. डावी. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे. पण उंबरा, रक्त, दवाखाना, ह्यातलं काहीच डोळ्यांपुढे येत नाही. थकव्यानं होत असेल.

२३ डिसेंबर

आज सगुणाबाईला सहज विचारलं, मुलंबाळं काय? ती खुरपता खुरपता हसली. "एक पोरगा होता म्हंतेत. हिरीत पडला म्हंतेत. मला काय याद न्हाई बगा." भिंतीवर त्याचा फोटो आहे, दिसायला गोड आहे, असंही म्हणाली. शेजाऱ्याच्या मुलाबद्दल बोलावं तसं. आणि पुन्हा खुरपायला लागली.

मी तडक उठलो. मावशींकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त भयंकर वाटलं. "सगुणा बी तिथंच बसून रडायची. तिचं दुख झाडानं पिलं. दुखासंगं लेकरू बी गेलं." मी म्हणालो, मग तोडून का टाकत नाही? "तोडू कसं? तिचा पोरगा हाये त्याच्यात."

परत मिळतं का, विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बांधाच्या आत पाय ठेवू नको म्हणाल्या.

२४ डिसेंबर

गेलो नाही. दुपारभर दार लावून बसलो. दगड परत छातीवर आला आहे आणि मी त्याला घट्ट धरून बसलो आहे. हे दुःख माझं आहे. माझ्याजवळ गोदाचं एवढंच उरलं आहे. ते हलकं करून हवंय कुणाला?

पण फुलांचा वास खिडकीतून आत येतो. न्हाऊन आलेल्या केसांचा वास. तिच्याच—

२८ डिसेंबर

गेलो. आजही. कालही.

पाय नेतात. तिथे बसलं की ती अगदी जवळ वाटते, आणि उठलो की आधीपेक्षा कमी उरते. हे कळतं. कळूनही—

१ जानेवारी

मोबाइलवर तिचा व्हिडिओ लावला. एक मुलगी मोसंबी चोखते आहे. कोपरावरून रस. गोड आहे. कुणाचीही वाटावी अशी. पुन्हा लावला. पुन्हा.

सुरेखा यायचं म्हणते. नको म्हणालो, तर जास्तच रडली.

लिहून ठेवतो, मी विसरलो तरी वाचता यावं म्हणून. सुरेखाला झाडाजवळ जाऊ द्यायचं नाही. गोदा आता फक्त तिच्याजवळ उरली आहे. काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही.

५ जानेवारी

छान झोप लागली. मावशी आता माझ्याशी बोलत नाहीत. काय बिनसलं कोण जाणे.

बागेत कुणाचं तरी लेकरू येतं. झाडामागून तोंडानं हॉर्न वाजवतं. पीऽप पीऽप. जाऊन पाहिलं तर कुणी नाही, नुसती फुलं. सगुणाबाईला विचारलं, कुणाची पोरगी? ती म्हणाली, "पोरगी न्हाई, पोरगा हाये. रोज हसतंय." आणि पहिल्यांदा तिचा चेहरा हसरा नव्हता.

८ जानेवारी

सुरेखा आली. जेवत नाही, झोपत नाही. एक अर्धवट स्वेटर छातीशी धरून रडते. का, ते विचारायची भीती वाटते. उत्तर मला ठाऊक असायला हवं, असं काहीतरी—

मागचं पान वाचलं. सुरेखाला झाडाजवळ जाऊ देऊ नको. गोदा फक्त तिच्याजवळ उरली आहे. गोदा म्हणजे माझी आई. पण आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. ती सुरेखाजवळ कशी उरेल? असलं काय लिहिलं मी?

बायकोचे हे हाल बघवत नाहीत. मला जिथे बरं वाटलं तिथे—

हात धरून मीच घेऊन गेलो. जवळ बसवली. म्हणालो, रड. इथे रड.

११ जानेवारी

आज सुरेखा दोन भाकरी जेवली. हसली. किती दिवसांनी!

झाड पांढरंशुभ्र. पान दिसत नाही.

मावशी बांधावर डोक्याला हात लावून बसल्या होत्या. रडत होत्या. बांधाच्या बाहेर.

१३ जानेवारी

सकाळी पिशवी आवरताना सुरेखानं ते स्वेटर काढलं. विचारते, हे कुणासाठी विणायला घातलं होतं मी? माप तर लहान लेकराचं. मी म्हणालो, कुणाची तरी ऑर्डर असेल. दोघंही हसलो. मग हसू थांबलं. का थांबलं, कळलं नाही.

छातीवर लाल लोकरीचं नाव आहे. टाका माझाच, सुरेखा म्हणते. वाच म्हणालो. तिनं मोठ्यानं वाचलं.

बागेतून ओ आली.

लहान मुलीची.

परत वाच म्हणालो. परत ओ. आता बांधापाशी. पीऽप पीऽप. सुरेखानं माझा हात घट्ट धरलाय. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि आम्हाला कळत नाही, कशाचं—

दारात आलीय. साइड द्या म्हणते. सुरेखा विचारते, ही कुणाची हो? मी तिला काय सां—