डाव्या अंगठ्याची खाच

अल कुसैस, दुबई. खंडेनवमी, संध्याकाळ.

पूजेसाठी चाकू काढला. पातं उघडेना. सांध्यात गंज.

मी दुबईला निघालो तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तो आमच्या भट्टीत स्वतः घडवला. मी डावखुरा, म्हणून शिसवी मुठीवर डाव्या अंगठ्यासाठी खाच. झिजेल म्हणून नऊ वर्षांत एक कांदाही मी त्याने चिरला नाही. फक्त दर खंडेनवमीला हळदकुंकू, वर पाणी शिंपडायचं, आणि मिटून मखमली पिशवीत. त्या पाण्यानेच गंजला का? आणखी कशाने?

रूममेट सुरेश म्हणाला, "खलास, भाऊ. देवच करून ठेवलास त्याचा. आता नारळ फोड."

मग अण्णांचा फोन. "धार गेली असेल रे. पाठव कुणाबरोबर, लावून देतो." त्यांना हल्ली चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो.

"आहे अजून धार, अण्णा. रोज वापरतो."

"मग गंजायचा नाही," ते म्हणाले. आवाज खूश होता.

अंगठा खाचेत ठेवला. अगदी बरोबर बसतो. जोर लावला तर मूठ फुटेल, आणि नवी करणारे हात राहिले नाहीत. पिशवीत परत ठेवला. या वेळी पाणी शिंपडलं नाही.