आमच्या बोक्याचा अर्धाच प्रवास

तीर्थरूप वन्सं यांस,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकले नाही. कंबर धरली आहे. तुम्ही समोर असतात तरी वाकले नसते, पण पत्रात लिहायला काय जातं?) तुमचे गुडघे कसे आहेत? नवी कवळी तोंडात बसली, की अजून ग्लासातूनच हसते? तुमचे भाऊ गेल्यापासून आपलं बोलणं नाही, म्हणजे त्याआधीही फार होतं अशातला भाग नाही. तुम्ही त्यांच्यामार्फत मला टोमणे पाठवायचात, मी त्यांच्यामार्फतच परत करायचे. आता मधला माणूसच गेला, म्हणून सरळ लिहिते. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो. अक्षर वाईट आहे. शाळेत गेले तेवढ्यात एवढंच आलं.

झालं असं, की शेजारची नर्स मला सिनेमाला घेऊन गेली. एक म्हातारा असतो. बायको मेलेली, मुलं देशाच्या चार टोकांना. तो आपलं मांजर काखोटीला मारतो आणि बसने, आगगाडीने, कुणाच्या ट्रकमध्ये बसून एकेकाला भेटायला निघतो. एवढीच गोष्ट. अख्खं थेटर हुंदके देत होतं. नर्सबाई तर अशी रडली की तिला माझा पदर द्यावा लागला (दिवसभर लोकांना सुया टोचते, तेव्हा नाही रडू येत). मला काही रडू आलं नाही. मी त्या मांजराकडे बघत होते. वन्सं, सगळा देश पालथा घातला, पण त्या मांजराला एकदासुद्धा शी लागली नाही! म्हाताऱ्याच्या काळ्या कोटावर एक केस नाही. आणि मुलं कशी, तर दार उघडलं की गळ्यात पडतात. एकाही सुनेने "येण्याआधी कळवायचं तरी" असं म्हटलं नाही. सिनेमा काढणाऱ्याने मांजर पाळलेलं नाही आणि सूनही आणलेली नाही, हे मी मध्यंतरातच ओळखलं. एक मात्र खरं दाखवलं. तो म्हातारा वाटभर मांजराशी बोलत असतो. मी तशी बोलत नाही हं. मी नुसती ओरडते. पण दिवसभरात तोंड उघडतं ते तेवढ्यापुरतंच.

आमचा बोका तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्याला झाडू फेकून मारला होतात. तुमच्या भावाला कुणीतरी बंद गोदामाचं कुलूप उघडायला बोलावलं होतं, तिथून येताना हे पिल्लू खिशात घालून आणलं. (माणसं कामावरून काहीतरी उपयोगाचं आणतात.) त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. मी घरात हाक मारायचे ती एकच. अहो, ऐकलंत का. अहो, जेवायला चला. अहो, मेलात का आत. बोक्याला वाटलं, हे आपलंच नाव. मी अहो म्हटलं की दोघेही यायचे, बोका आधी. आता एकटाच येतो.

तर थोरल्या मुलाचा फोन आला. महिनाअखेर हे घर सोड म्हणे आणि आमच्याकडे राहायला ये. बरं. पण त्यांच्या इमारतीत जनावर चालत नाही, तेव्हा बोका कुणाला तरी देऊन टाक. जुनी बादली द्यावी तसं बोलला. मी म्हटलं, विचार करते. विचार कसला कपाळाचा! बोक्याला मी टाकणार नाही आणि बोक्यासकट थोरला मला घेणार नाही. तेव्हा तो सिनेमातला मूर्ख आठवला. म्हटलं, बोका शेवटी तुमच्या भावाचा. बहिणीकडे जाईल. मी आपली पोचवायला.

झाकणाच्या टोपलीत घातला, वरून यांच्या मफलरची गाठ मारली आणि तुमच्या गावची बस धरली. बस सुटताच त्याने असा गळा काढला की पुढची बाई मागे वळून म्हणाली, "आजी, बाळाला जरा मांडीवर तरी घ्या!" मी म्हटलं, बाळाला मिशा आहेत, तुम्हीच घ्या. पुढे सिनेमात जे झालं नव्हतं ते टोपलीत झालं. सगळ्या खिडक्या धडाधड उघडल्या. त्या बाईने तर डोकंच बाहेर काढलं.

चहासाठी बस थांबली. टोपली पुसावी म्हणून गाठ सोडली, तर बोका माझ्या खांद्यावरून उडी मारून थेट बसखाली. मी रस्त्यावर गुडघे टेकले (कंबर धरली ती इथे) आणि ओरडले, "अहो! अहो, बाहेर या! चारचौघांत शोभा करू नका! बहिणीकडे जायचंय ना तुम्हाला?" दुकानापुढचे सगळे म्हातारे चहा टाकून उभे राहिले. एक बिचारा मुतारीतून विजार सावरत "आलो, आलो" करत धावला. त्याची खरी बायको तिथेच होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिचा नवरा पळवून नेणार होते. (त्याला बघितलं असतंत तर तुम्हालाही हसू आलं असतं.) कंडक्टर घाबरा झाला. "इंजिन बंद कर रे, आजोबा खाली गेलेत! आजी, अंगावर काय घातलंय त्यांनी?" मी म्हटलं, "घालतायत काय! केस आहेत. काळे-पांढरे. एक कान फाटका, आणि चावतात."

हसून हसून लोक पुन्हा गाडीत बसले. कंडक्टर भला होता, पण गाडीला वेळ असते. बस पुढे सरकली, तर तिच्या जागी हा निवांत पाय चाटत बसलेला. मीही बाकावर बसले, तोही येऊन शेजारी बसला. पुढची बस तुमच्या गावचीच होती. कंडक्टरने "चला आजी" म्हणून हाक मारली. मी उठले नाही. टोपली घेऊन तुमच्या दारात उभी राहिले आणि तुम्हीच सुनेसारखं "येण्याआधी कळवायचं तरी" म्हणालात तर? सुनेचं चालवून घेता येतं, तुमचं मनाला लागतं. मग उलटी बस धरून घरी आले.

आल्यावर चहा टाकला. अजून दोन कप होतो, हाताला कुणी सांगितलंच नाही. दोन्ही मीच पिते. डॉक्टर म्हणतो साखर वाढली. त्याला काय सांगू, दुसरा कप माझा नाही म्हणून?

असो. माझं उत्तम चाललं आहे. काळजी करू नका, म्हणजे करत असाल तर.

तुमची भावजय

ता. क. बोका म्हातारा झाला आहे, उंदीर दिसला तर तोंड फिरवतो. तुमच्या दुधाच्या पातेल्याला तोंड लावणार नाही. (झाकणावर वरवंटा ठेवलात तर.)

आणखी ता. क. तुमच्या मागच्या खोलीत ते मोडकं कपाट अजून आहे का? ते काढलं तर एक खाट बसेल. सहज विचारते. तुम्ही घोरता ते मला चालेल. माझा डावा कान गेला आहे, तो तुमच्याकडे करून झोपेन.

शेवटचं ता. क. थोरल्याला मी सांगून मोकळी झाले, की वन्संनी फार आग्रह केला म्हणून मी बोक्यासकट त्यांच्याकडेच राहायला जाते. खात्री करायला तो तुम्हाला फोन करील. "हो, मीच बोलावलं" एवढं सांगा. वर मला दोन शिव्या घाला, म्हणजे त्याला पटेल. आणि खोटं बोलणं जिवावर येत असेल, तर त्याचा फोन यायच्या आत मला खरंच एकदा आग्रह करा. म्हणजे खोटं बोलायला नको.