राजाच्या दरबारात भ्यालो

औंढा नागनाथ, सोमवार, १९९८

म्हातारीचं ते पोतं डोळ्यापुढून जाईना.

वगात मी राजाच्या दरबारातला सोंगाड्या. आमच्या फडाची रीतच हाय, राजानं "राज्यात काय हालहवाल?" इचारलं की मी त्या गावच्या बड्या माणसाला टोमणा मारायचा. लोक त्याच्याचसाठी बसून राहतात.

आज पुढाऱ्याची खुर्ची समोरच होती. पडद्यामागं फडमालक म्हणले, "जपून बोल. तंबूला जागा त्याइनंच देली."

टोमणा ओठावर होता: पुढाऱ्यानं गावाला नळ देले महाराज, आता पाणी मागून तकलीफ देऊ नका. अन् बोललो काय? "महाराज, इथले पुढारी म्हंजे देवमाणूस."

पुढारी तेवढा हसला. बाकी कोणीच न्हाई. पुढं बसलेली म्हातारी उठली, बसायचं पोतं झटकलं, लेकीला म्हणली, "चल बाई. भेणारी माणसं आपल्या घरी काय कमी हाइत?"

काहून भ्यालो मी? तोंडाला रंग असून?

तिनं पोतं रागानं झटकलं असतं तरी चाललं असतं. खेळ संपल्यावर झटकतात तसं झटकलं. अर्धा वग तर अजून बाकी होता.